धूर मोजून घालावा

अमेरिकेत जिथे मांस खरोखर तासन्‌तास लाकडाच्या धुरावर शिजतं, तिथल्या बार्बेक्यू सॉसमध्ये धूर सहसा नसतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात सॉस म्हणजे व्हिनेगर, मीठ आणि मिरची, बस्स. टोमॅटोचं नावही काढायचं नाही. साउथ कॅरोलायनाच्या मधल्या पट्ट्यात तो मोहरीचा, पिवळाधमक. अलाबामातल्या डेकेटर गावात बॉब गिब्सन यांनी १९२५ च्या सुमारास मेयोनेज आणि व्हिनेगरचा पांढरा सॉस केला, आणि धुरावरची अख्खी कोंबडी त्यात बुचकळून द्यायला सुरुवात केली. टेक्सासात तर सॉस बाजूला, हवा तर घ्या. ओक किंवा हिकरीच्या धुरात दहा-बारा तास बसलेल्या मांसाला वरून आणखी धूर कशाला? सॉसचं काम आंबट, तिखट, गोड देण्याचं.

सॉसमध्येच धूर हवा, ही गरज ज्यांच्याकडे मांस धुरावर शिजवायचा खड्डा नाही त्यांची. कॅन्सस सिटीतल्या अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्रेत्याने १८९५ साली लाकडाचा धूर थंड करून त्याचं पाणी बाटलीत भरलं आणि विकायला काढलं. तेच ‘लिक्विड स्मोक’. आज बार्बेक्यू सॉस म्हटल्यावर जो दाट, गोड, तांबूस-काळा पदार्थ डोळ्यांसमोर येतो, तोही याच शहराच्या वळणाचा. तिथल्या बार्बेक्यूचा आद्य पुरुष हेन्री पेरी. त्याचा सॉस तिखटजाळ होता, गोड नव्हे. गोडवा पुढच्या पिढ्यांनी वाढवला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिच डेव्हिस या मानसोपचारतज्ज्ञाने बाजारात आणलेल्या ‘केसी मास्टरपीस’ने तो गोडवा घरोघरी नेला. १९८६ मध्ये हा सॉस विकत घेतला तो किंग्जफोर्डने, म्हणजे कोळसा विकणाऱ्यांनी. हिशेब सरळ होता.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गॅसच्या शेगडीपाशी उभं राहून धुराचा सॉस करणारा माणूस काही नक्कल करत नसतो. हा प्रकार त्याच्यासाठीच जन्माला आला आहे. फक्त धूर कुठून आणायचा आणि किती घालायचा, हे नीट कळायला हवं, कारण घरचे बहुतेक सॉस तिथेच फसतात.

आपल्याकडचा पहिला सल्ला असतो धुंगाराचा. वाटीत निखारा, त्यावर तूप, पटकन झाकण. दाल, भरीत, ताक यांना तो शोभतो. पण बार्बेक्यूचा म्हणून जो वास ओळखीचा आहे, तो यातून येत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. लाकडातल्या लिग्निन या घटकाचं उष्णतेने विघटन होतं तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं बाहेर पडतात, आणि धुराचा तो खमंग, गोडसर वास मुख्यतः त्यांचा. कोळसा म्हणजे ज्यातून ही द्रव्यं आधीच उडून गेली आहेत असं लाकूड. रसरशीत निखाऱ्यातून उष्णता भरपूर मिळते, वास फारसा नाही. धुंगारात जो धूर दिसतो तो जळत्या तुपाचा. तोच टोमॅटो-व्हिनेगरच्या सॉसमध्ये जास्त झाला की घशाला खवखवतो आणि खवटपणाकडे झुकतो. म्हणून तूप बाजूला ठेवावं आणि सुक्या लाकडाच्या ढलप्या घ्याव्यात.

लाकूड कोणतं? आंबा, पेरू, चिकू ही फळझाडं सौम्य आणि भरवशाची. हिकरी आपल्याकडे मिळत नाही, ओकच्या ढलप्या ऑनलाइन मिळतात, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. टेक्सासात ज्या मेस्कीटच्या धुराचं एवढं कौतुक, त्याच कुळातली वेडी बाभूळ आपल्या कोरडवाहू भागात माळरानं व्यापून बसली आहे आणि तिचा कोळसा पोत्यांनी विकला जातो. तिची सुकी फांदी मिळाली तर जरूर वापरावी, मात्र निम्म्या मापाने, कारण तिचा धूर उग्र असतो. करवंटीही चालते. वरच्या शेंड्या पूर्ण खरवडून टाकायच्या आणि तुकडे नखाएवढे करायचे.

काय वापरू नये, ही यादी जास्त महत्त्वाची. प्लायवुड, रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं लाकूड, सामानाची खोकी, सुताराच्या दुकानातला भुसा (त्यात डिंक आणि प्लाय मिसळलेलं असतंच) यातलं काहीही नको. पाइन राळेमुळे आणि निलगिरी तेलामुळे बाद. कण्हेर आणि शेर विषारी आहेत, कुंपणातल्या अनोळखी काटक्या त्यामुळे उचलूच नयेत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, त्याचा धूर नकोच. लाकडाच्या वखारीतून आंब्याचा एक ठोकळा आणून कोयत्याने ढलप्या काढल्या की महिनोन्‌महिने पुरतात. ढलप्या भिजवू नयेत. भिजवल्याने धूर वाढत नाही. आधी नुसती वाफ येते आणि मग उशिरा, गुदमरलेला, कडवट धूर.

शेगडीवरची सोय अशी. जाड बुडाची जुनी लोखंडी कढई घ्यायची. नॉनस्टिक अजिबात नको, कोरडं तापलं की त्याचा लेप बिघडतो आणि विषारी वाफा सुटतात. तळाला ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर, त्यावर मूठभर ढलप्या, वजनाने १५ ग्रॅमच्या आसपास. ढलप्यांवर फॉइलचीच एक सपाट ताटली सैल ठेवायची, कडेने धूर वर येईल अशी. ही ताटली लोक गाळतात आणि मग टोमॅटोचं पाणी ढलप्यांवर ठिबकून त्या विझतात. वर स्टीलची जाळी, जाळीवर टोमॅटो, आणि घट्ट बसणारं उंच झाकण. कडेला फट राहत असेल तर कणकेची वात लावावी, बिर्याणीला लावतो तशी. आच आधी मोठी. पाच-सहा मिनिटांत धूर दिसू लागला की मंद करायची आणि तिथून १२ ते १५ मिनिटं. नंतर गॅस बंद, पण झाकण आणखी ५ मिनिटं तसंच. खिडक्या सताड उघड्या, एक्झॉस्ट चालू. निखारे वापरणार असाल तर हे काम बाल्कनीत किंवा अंगणात करा, बंद स्वयंपाकघरात कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता साठतो.

झाकण किंचित उचलून धुराचा रंग पाहावा. विरळ, निळसर धूर चांगला. दाट, पांढरा, लोळच्या लोळ येणारा धूर म्हणजे लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. असा धूर पदार्थावर चिकट काळपट थर देतो आणि त्याची कडू चव नंतर गुळानेही झाकत नाही. धूर पांढराच येत राहिला तर मोह आवरून ढलप्या बदलाव्यात.

आता माप. या मापात शेवटी साधारण ५०० ते ५५० ग्रॅम सॉस होतो, म्हणजे एक मोठी बाटली.

पिकलेले लांबट टोमॅटो १ किलो, एक मोठा कांदा (१२० ग्रॅम), लसणाच्या ८ पाकळ्या, ब्याडगी मिरच्या ५, संकेश्वरी १. गूळ ८० ग्रॅम, काकवी ६० ग्रॅम, ४ टक्क्यांचं व्हिनेगर १२० मिली. मीठ ९ ग्रॅम, चिंचेचा दाट कोळ १ मोठा चमचा, सोया सॉस १ मोठा चमचा, मोहरीची पूड १ लहान चमचा, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा-अर्धा लहान चमचा, तेल १ मोठा चमचा.

किलोभर टोमॅटो घेतले तरी धूर द्यायचा फक्त ४०० ग्रॅमना. साऱ्या खटाटोपातली ही सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. धूर एकदा आत गेला की बाहेर काढता येत नाही, पण बिनधुराचा गर हाताशी असेल तर सौम्य करता येतो. टोमॅटोचे उभे दोन भाग करून, बिया आणि पाणी एका वाटीत काढून, कापलेली बाजू वर ठेवायची. धूर किंचित ओलसर पृष्ठभागावर चांगला बसतो. कोरड्यावर कमी बसतो आणि निथळत्या फोडीवरून वाहून जातो. कांद्याच्या जाड चकत्या आणि सोललेला लसूण त्याच जाळीवर. मिरच्या देठ आणि बिया काढून शेवटच्या सहा-सात मिनिटांपुरत्या. त्या पातळ असतात, लवकर धूर घेतात आणि लवकर करपतात.

उरलेल्या ६०० ग्रॅम टोमॅटोंच्या फोडी करायच्या त्या थेट तापलेल्या पातेल्यात टाकायला. चिरून तासभर ठेवू नयेत. चिरलेल्या टोमॅटोतली विकरं (एन्झाइम्स) त्यातल्याच, दाटपणा देणाऱ्या पेक्टिनला तोडतात आणि मग कितीही आटवलं तरी सॉस पाणचट राहतो, बाटलीत वर पाण्याचा थर येतो. चिरल्याबरोबर उकळीला आणलं की विकरं निकामी होतात आणि दाटपणा टिकतो. कॉर्नफ्लोअर लावून दाटपणा आणण्याची युक्ती इथे कामाची नाही. आंबटात पीठ फुटतं, आणि दोन दिवसांनी सॉस पाणी सोडतो.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तेल तापवून धुरातला कांदा चिरून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परतावा. लसूण त्यानंतर, एकच मिनिट. करपलेला लसूण आणि बिघडलेला धूर यांचा कडूपणा इतका सारखा असतो की नंतर दोष कुणाचा ते कळत नाही. मग कच्चे टोमॅटो, धुरातले टोमॅटो, वाटीतलं पाणी गाळून, आणि गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवलेल्या मिरच्या. मध्यम आचेवर ३५ ते ४० मिनिटं, निम्मं होईपर्यंत. शिंतोडे उडतात म्हणून वर गाळणी उपडी ठेवावी, झाकण नको, झाकणाने आटत नाही. थोडं निवलं की मिक्सरमधून काढून बारीक गाळणीतून घासून घ्यायचं. सालं आणि बियांचा चोथा पन्नासेक ग्रॅम निघतो, तो टाकून द्यावा.

पातेलं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई गेलेलं पितळ या आंबटाशी बिघडतं, आणि लोखंडात सॉस काळा पडून धातूची चव येते.

गोड आता, आटवून झाल्यावर. सुरुवातीला गूळ घातला तर तासभर ढवळत बसावं लागतं आणि तरी बुडाला लागतोच. अमेरिकन कृतींत मोलॅसिस असतं. आपल्याकडे साखर कारखान्यात निघणारी मळी दारूभट्टीला आणि पशुखाद्याला जाते, ती शोधू नये. गुऱ्हाळातली काकवी त्या कामाला येते. मोलॅसिसचा कडवटपणा तिच्यात नाही, आणि माझ्या मते धुराच्या सॉसला ते बरंच आहे, कारण कडूची बाजू सांभाळायला धूर पुरेसा आहे. गूळ काळसर, रसायनविरहित घ्यावा, पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळून. त्यात रेती असते आणि ती दाताखाली आल्यावर बाकी कसब वाया जातं.

व्हिनेगर दोन हप्त्यांत. ८० मिली गुळाबरोबर, ४० मिली गॅस बंद केल्यावर. पहिलं सॉसमध्ये मुरतं, दुसऱ्याने चव जागी राहते. परदेशी कृतीतलं माप जसंच्या तसं घेतलं तर सॉस कमी आंबट होतो, कारण तिथलं व्हिनेगर ५ टक्क्यांचं असतं. मोहरी, मिरी, जिरं, मीठ, सोया आणि चिंच पहिल्या व्हिनेगरबरोबर. कृतींत हमखास येणाऱ्या वूस्टरशर सॉसमध्ये व्हिनेगर, मोलॅसिस, चिंच, लसूण, कांदा आणि अँकोव्ही मासे असतात. चिंच आणि सोया सॉस मिळून त्याची जागा बऱ्यापैकी भरून काढतात, आणि शाकाहारी घरात लेबल वाचत बसावं लागत नाही. या सगळ्यासकट मंद आचेवर आणखी पंधरा मिनिटं.

झालं की नाही हे वजनावर ठरवावं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलेलं असलं की काम सोपं. काटा नसेल तर फ्रीजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवायचं. वाट तशीच उघडी राहिली तर सॉस तयार. गरम असताना सॉस हवा तेवढा दाट दिसला तर तो निवल्यावर चटणी होणार, हे गृहीत धरा.

आणि आता चव घ्या, पण निर्णय घेऊ नका. तासभर धुरात उभ्या राहिलेल्या माणसाचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. त्याला सॉसमध्ये धूर जाणवतच नाही. मग तो धुंगार देतो, वर लिक्विड स्मोकचे चार थेंब टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणालाही तो सॉस तोंडात धरवत नाही. वाड्यांतल्या चुलीवर दुधाला धुराचा वास लागला की घरभर कुरकुर व्हायची, ती याच द्रव्यांमुळे. चव दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या नाकाने घ्यावी किंवा त्या दिवशी स्वयंपाकघरात न फिरकलेल्या माणसाला द्यावी. कमी वाटला तर वाढवणं शक्य आहे. जास्त झाला असेल तर दोन-तीन टोमॅटोंचा साधा आटवलेला गर, थोडा गूळ आणि व्हिनेगर घालून पुन्हा पाच मिनिटं शिजवावा. मीठ चिमूटभर वाढवल्यानेही कडवटपणा दबतो. नुसती साखर ओतून मात्र काही होत नाही, कडू आणि गोड दोन्ही वेगवेगळे लागत राहतात.

ज्यांना कढई-ढलप्यांचा उद्योग नको, त्यांच्यासाठी तयार धूर आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. स्पेनच्या ला व्हेरा भागातली पॅप्रिका ओकच्या धुरावर जवळजवळ दोन आठवडे सुकवलेली असते. मिरच्यांऐवजी तिचे दोन लहान चमचे पुरतात. ती गॅस बंद केलेल्या तेलात घालावी, चढत्या आचेवर काही सेकंदांत करपते. चिपोटले म्हणजे पिकून लाल झालेली, धुरावर वाळवलेली हालापेन्यो मिरची. डबाबंद मिळाली तर एक पुरे. लिक्विड स्मोक या मापाला पाव लहान चमचा, तोही शेवटी, आणि आधी दोन चमचे पाण्यात मिसळून. बाटलीवरच्या घटकांत पाणी आणि धूर एवढंच असेल तर घ्यावी. रंग, कॅरमेल आणि साखर घातलेलीही मिळते.

केचपपासून केला तरी चालतो, वेळ तीस मिनिटांवर येतो. ३५० ग्रॅम केचप घ्या, पण गूळ-काकवी मिळून ६० ग्रॅमच, मीठ जवळजवळ नाहीच, व्हिनेगर ६० मिली. आपल्याकडच्या केचपमध्ये साखर भरपूर असते, काहींत स्टार्चही, तेव्हा फार वेळ उकळू नये. धूर अर्थात कांदा, लसूण आणि मिरचीतूनच येईल.

बाटली काचेची, दहा मिनिटं उकळून कोरडी केलेली, सॉस गरम असतानाच भरायचा. धातूच्या झाकणाला आतून लेप नसेल तर व्हिनेगरने ते गंजतं. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे उत्तम राहतो. बाहेर ठेवू नये. कारखान्यात आम्लता मोजून बाटल्या भरतात, तसं आपण करत नाही. वर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून उरलेला वापरण्याची काटकसर नको, सगळा टाका.

वापरताना दोन चुका नेहमीच्या. कच्च्या मांसाला लावलेला ब्रश परत बाटलीत जातो, म्हणून लागेल तेवढा सॉस वाटीत काढून घ्या. दुसरी चूक घाईची. चिकन किंवा पनीर शेगडीवर चढवण्याआधीच सॉस फासला तर आतलं शिजेपर्यंत बाहेरचा गूळ कोळसा होतो. मीठ, मिरपूड आणि थोडं तेल लावून आधी शिजवा, शेवटच्या दहा मिनिटांत दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. मक्याच्या कणसाला पाच मिनिटंही पुरतात. कुकरमध्ये मऊ शिजवून तंतू मोकळे केलेला कच्चा फणस या सॉसमध्ये परतला तर पावात भरायला उत्तम. मात्र फणस शिजवताना मीठ घालायला विसरू नका, नंतर ते आत शिरत नाही.

आणि खऱ्या कोळशावर, लाकडावर भाजणार असाल तर याच मापातून धुराचे टोमॅटो वगळा, मिरच्या नुसत्या भाजून घाला आणि व्हिनेगर दोन चमचे वाढवा.